टेबलाच्या पायाखालची नियमपुस्तिका

मित्रांनो, मला हौसेने कोणी वाचत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक जुनी नियमपुस्तिका आहे. प्रवेश कोणाला, हजेरी किती, लघुप्रबंध केव्हा द्यायचा, पदवी कधी मिळायची, सगळं माझ्या पोटात आहे.

माझा जन्म बैठकीत झाला. प्राध्यापक मंडळी एकेका शब्दावरून हमरीतुमरीवर यायची आणि चहा आला की शांत व्हायची. छापून आले तेव्हा माझं केवढं कौतुक! विभागप्रमुखांनी मला उंच धरलं, टाळ्या झाल्या. पुढे कार्यालयातलं एक टेबल डुगडुगू लागलं आणि मला त्याच्या पायाखाली सरकवलं. तिथेच माझी उमेदीची वर्षं गेली.

मला उघडायची गरजच कोणाला वाटत नसे. त्या विभागाची रीतच तशी होती. नियम विचारायचा तो तिथल्या एका ज्येष्ठ सरांना, आणि सर सांगायचे ते आपल्या विद्यार्थिदशेच्या आठवणीवरून. सर मनाने फार चांगले. तेच तर वाईट झालं.

एक शिक्षिका त्यांच्याकडे शिकत होती. शाळेत ती हंगामी होती. पदवी मिळाली तर कायम होणार होती. मध्येच तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. ती रडवेली होऊन त्याच टेबलाशी आली.

"सर, यंदा काही लिहून होत नाही. उशीर झाला तर चालेल ना?"

"अगं, आधी वडिलांकडे बघ. पाच वर्षं चालतात. आम्ही नाही का रमतगमत केलं?"

पाच वर्षं सरांच्या वेळी होती. माझ्यात चार आहेत. मी तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर होते. पण पुस्तकाला ओरडता येत नाही.

पाचव्या वर्षी ती आली, नवी बांधणी केलेला लघुप्रबंध छातीशी धरून. कारकुनाने तारीख पाहिली. मग वाकून मला ओढून काढलं, धूळ झटकली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा उघडलं, ते नाही म्हणायला.

"मुदत संपली, बाई. नोंदणी रद्द झालीय."

"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा प्रवेश घे. मी आहे ना."

"पहिल्यापासून? शाळेत याच वर्षी पदवी दाखवायचीय, सर. बाबांचं औषधपाणी त्या पगारावर चाललंय."

कारकुनाने पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं. घरच्या आजारपणासाठी एक वर्ष वाढवून मिळेल. अर्ज मुदत संपण्याआधी करावा. एक साधा अर्ज, मित्रांनो! तो कोणीही लिहून दिला असता.

शाळेने तिच्या जागी दुसरी बाई घेतली, असं नंतर कानावर आलं. मला वाटलं, आता तरी मला टेबलावर जागा मिळेल. पण टेबल पुन्हा डुगडुगत होतं.

सर आता सगळ्यांना बजावतात, "चार वर्षं. एक दिवस जास्त नाही." सवलतीबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. त्या दुपारची आठवण त्यांना नको असावी.

मित्रांनो, प्रवेश घ्याल त्याच दिवशी मला वाचा. कोणी कितीही मायेने सांगितलं तरी वाचा. आज सकाळी एक विद्यार्थिनी या टेबलाशी उभी होती. आई दवाखान्यात आहे म्हणाली. सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." ती मान खाली घालून गेली. तिची मुदत अजून संपलेली नाही. तुमच्यापैकी कोणीतरी वाका आणि मला बाहेर काढा.