दार लावून काढलेला फोटो

पुंडलिक घाटावरून बोईसरला आला तो तारापूरच्या प्रकल्पाचं काम सुरू झाल्यावर. नव्या कामगारांना गावी पाठवायला फोटो लागत, म्हणून त्याने स्टेशनजवळ स्टुडिओ थाटला. फोटोतलं त्याला चांगलं कळत होतं, माणसातलं मात्र बेताचंच. मागच्या वर्षी बेटेगावचा म्हातारा चिंतू मरायला टेकलेल्या बैलाच्या गळ्यात पडून रडला. पुंडलिकने ते टिपलं आणि तो फोटो मोठा करून रस्त्याकडच्या शोकेसमध्ये लावला. फोटो देखणा होता, पण येणारे-जाणारे थांबून हसायचे. चिंतूने बाजाराचा रस्ताच बदलला. पुंडलिकने फोटो उतरवला, पण बूंद से गयी सो हौद से नहीं आती. ते त्याच्या मनाला लागून राहिलं.

त्याच बेटेगावची भागी एका सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत गोधडीवर तिचा म्हातारा कुत्रा, लाल्या, निजला होता. डोळे उघडे, बाकी सगळं संपत आलेलं.

"याचा न माजा फोटू काढ," ती म्हणाली.

"इतकी वर्षं का नाही आलीस, मावशी? धडधाकट होता तेव्हा?"

"फोटू काढला का आयुक्स सरतं म्हनतात. म्हनून नाय आनला. आता सरायला हाय काय?"

पुंडलिकला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कुत्र्याचं आयुष्य कमी होऊ नये म्हणून या बाईने चौदा वर्षं मनाला मुरड घातली होती.

"चिंतूचा लावलास तसा माजा काचेत लावशील, तर ह्या पावली परत जाते."

"नाही लावणार."

"न तू बी बघू नको. लोकं म्हनतात, म्हातारी कुत्र्यापायी खुळी झाली. माजं न त्याचं काय ते आमचं हाय."

आता आली का पंचाईत! न बघता फोटो काढणारा फोटोग्राफर कुणी पाहिलाय? पुंडलिकने डोकं खाजवलं. मग कौलांतल्या काचेखाली, उजेडात, चटई टाकली. लाल्याला चटईवर निजवलं, भागीला जवळ बसवलं, कॅमेरा नेमका लावला. कॅमेऱ्याच्या लांब नळीच्या टोकाला रबरी चेंडू होता, दाबला की फोटो निघायचा; तो तिच्या मुठीत दिला.

"तुला वाटेल तेव्हा एकदाच दाब. मी बाहेर आहे."

दार ओढून तो पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला. रोज 'मान वर, हलू नका' म्हणून ओरडणाऱ्याला गप्प बसणं जड गेलं. दोन गिऱ्हाइकं आली, "आत माणसं आहेत" सांगून परतवून लावली. आत भागी लाल्याशी बोलत होती. त्याने कान दिला नाही, आणि त्याच्यासारख्या चौकस माणसाला हे सोपं नव्हतं.

फोटो धुताना मात्र पाहावाच लागला. भागी रडत नव्हती. लाल्याच्या कपाळाला कपाळ लावून लहान पोरीसारखी हसत होती. असा फोटो पुंडलिकच्या हातून आजवर निघाला नव्हता, आणि खरं म्हणजे हाही त्याच्या हातून निघाला नव्हताच. हात शिवशिवले, खोटं कशाला बोला. प्रकल्पाचे साहेबलोक रोज त्या रस्त्याने जात. एकाने जरी थांबून पाहिला असता तरी त्याचं नाव झालं असतं. संध्याकाळपर्यंत तो त्या फोटोभोवती घुटमळला. शेवटी फोटो लिफाफ्यात घातला आणि लिफाफा चिकटवून टाकला.

आठवड्याने भागी आली, रिकाम्या हातांनी.

"काल गेला," ती म्हणाली. "फोटू काढल्यावर बी सा दीस जगला. भाकर खाल्ली, दारात ऊन घेतलं. लोकं उगाच भेवडवतात."

पुंडलिकने लिफाफा पुढे केला. "जिच्यावरून पुन्हा फोटो निघतो, ती निगेटिव्हही आत आहे. माझ्याकडे काही ठेवलं नाही."

तिने लिफाफा उघडला नाही, नुसता मांडीवर धरून बसली. पुंडलिक उठला आणि दाराकडे निघाला.

"कुटं निंगालास?"

"बाहेर बसतो. तू बघ निवांत."

"नको." भागीने सरकून बाकावर जागा केली. "एकटीनं नाय बघवायचं मला. बस हितं."

पुंडलिक तिच्या शेजारी बसला, आणि मग तिने लिफाफा फाडला.