शरावतीवरचे आकाराम

"वैनी, काय इचारायचं असंल ते त्यास्नीच इचारा. मुंबईला लिवू नगा," तानाबाई म्हणाली होती. दुधाचं माप माझ्या पातेल्यात रिकामं करत, मान वर न करता.

मी हसले. म्हटलं, "अगं, सहज विचारतेय. त्यात काय एवढं?"

"सहज न्हाई की. सहज असतं तर तुमी त्यास्नीच हाळी मारली असती. शाळा काय लांब हाय व्हय?"

मी पातेलं उचलून आत गेले. पत्र लिहून झालं होतं. संध्याकाळी मी ते स्वतः पेटीत टाकलं.

हे सन त्रेपन्नच्या एप्रिलातलं. तानाबाईचा नवरा आकाराम आमच्या ह्यांच्या शाळेत शिपाई होता. आमची लीला त्याच शाळेत पहिलीत. आकाराम मूळचा नेसरीचा. लढाईच्या काळात तो आरमारात होता, आणि शाळेच्या अर्जात त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं, 'शरावती जहाजावर सात वर्षे नोकरी'. टोपीला बांधायची काळी फीत त्यानं जपून ठेवली होती. तिच्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत जहाजाचं नाव. पंधरा ऑगस्टला ती बांधून तो झेंड्याजवळ उभा राहायचा.

त्याच्या बोलण्याची शाळेला गंमत वाटायची. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना तो म्हणायचा, "किनाऱ्यावर जाऊन येतो, गुरुजी." व्हरांड्याला डेक म्हणायचा. उशिरा आलेल्या पोरीला म्हणायचा, "बोट चुकली की गं तुजी." हे सगळं तो चेहरा सरळ ठेवून बोलायचा, त्यामुळे थट्टा करतोय की काय ते कळायचं नाही.

पण समुद्राबद्दल एक शब्द नाही. मी हे टिपलं होतं. मला टिपायची खोड आहे. लीला झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणारी मी, माझ्या नजरेतून काय सुटणार? एकदा फाटकाशी मी त्याला मुद्दाम विचारलं, "आकाराम, तुमची बोट केवढी होती हो?"

"बारकीच हुती."

"लांब जायची?"

"जायाची की." आणि लगेच लीलाकडे वळून, "दप्तार घे, लीलाताई. आईसायब थांबल्यात."

मला वाटलं, खरं असतं तर माणूस एवढ्यावर थांबला नसता. आमच्याकडे कोणी पुण्याला जाऊन आलं तरी आठ दिवस सांगतं.

त्या मार्चमध्ये रंकाळ्यात एक मूल बुडालं. हेडमास्तर गणपतरावांनी ठरवलं की मे महिन्यात मुलांना पोहायला शिकवायचं, मुलींनासुद्धा. आकाराम आपण होऊन पुढं झाला. "मी शिकवतो. त्येच्याबद्दल मला काय नको," म्हणाला. लीलाचं नाव यादीत पहिलं होतं, आणि ते तिनं स्वतःच घातलं होतं.

मला झोप येईना. माझी मुलगी ज्याच्या हातावर पाण्यात सोडायची, तो माणूस कोण? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, आरमारातला माणूस आहे." पण ते त्याच्या तोंडचं झालं. राजाराम कॉलेजात मला एवढं शिकवलं होतं की पुराव्याशिवाय विधान मानू नये. माझा थोरला भाऊ मुंबईला गोदीच्या कचेरीत कारकून. मी दादाला लिहिलं, 'शरावती नावाचे जहाज आरमारात आहे काय, असल्यास केवढे, याची माहिती मिळवून कळवावी.' तानाबाई दूध घेऊन आली तेव्हा पाकिटावरचा पत्ता वाळत होता. कुणाला लिहिलंय, असं तिनं विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्यावर ती 'मुंबईला लिवू नगा' म्हणाली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं.

'चि. कालिंदीस आशीर्वाद. तुझे जहाज सापडले. ते जमिनीवर आहे. शरावती या नावाचे एकही जहाज आरमारात नाही, त्या नावाच्या बराकी आहेत. कवायतीचे मैदान, कोठार, स्वयंपाकघर. आत गेलेल्या माणसाने जिन्याला शिडी म्हणायचे आणि बाहेर पडताना किनाऱ्यावर चाललो म्हणायचे, असा त्यांचा रिवाज. तुझा दर्यावर्दी सात वर्षे भिंतींना चुना लावत असावा.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. मला आनंद झाला होता. हे लिहायला नको वाटतं, पण झाला होता. 'मला वाटलंच होतं' या शब्दांत जेवढा आनंद असतो तेवढा.

ह्यांनी वाचून घडी घातली. "जाऊ दे. कुठं वाच्यता करू नकोस."

"आणि लीला बुडाली म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी पत्र गणपतरावांच्या टेबलावर गेलं.

निकालाच्या दिवशी मी लीलाला आणायला गेले होते. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बाक आहे, त्यावर बसले. खिडकी उघडी होती. आत गणपतराव, आणि शाळेच्या कमिटीवरचे तात्यासो, गुळाचे व्यापारी. आकाराम उभा.

"शरावती म्हणजे जहाज की इमारत?" गणपतरावांनी विचारलं.

"आता इमारत हाय, सायब."

"जमिनीवर?"

"जमिनीवर."

"मग अर्जात जहाज कसं लिहिलंस?"

"आमी तिला जहाजच म्हणतो जी. तसा नेम हाय."

तात्यासो हसले. "मग आमची वखार बी जहाजच की. कवा बघाल तवा भरल्याली. गणपतराव, आजपास्नं मला कप्तान म्हणा."

गणपतरावांनाही हसू आलं. मग ते म्हणाले, "हे बघ, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. तुला पोहता येतं?"

"येतं."

"कशावरून?"

आकाराम गप्प राहिला.

"कुणी पाहिलंय? कुठं पोहलास? सांग की."

तात्यासो म्हणाले, "चुन्याच्या बादलीत पवला असंल." यावर दोघं पुन्हा हसले. आकारामनं मान फिरवली, आणि खिडकीतून त्याला मी दिसले. टेबलावरच्या पत्राकडं त्यानं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लीला माझा पदर ओढत होती. तिला बघून तो हसलासुद्धा.

मी उठून आत जाऊ शकले असते. 'एवढ्या थराला नेऊ नका,' असं म्हणू शकले असते. खोलीचं दार सहा पावलांवर होतं. मी लीलाच्या प्रगतिपुस्तकातले गुण बघत बसले.

अर्जात खोटी माहिती दिली म्हणून त्याला काढून टाकलं. पोहण्याचा वर्ग रद्द झाला. आठवड्यानं तानाबाईनं म्हैस विकली आणि दोघं नेसरीला निघून गेली. जाताना ती माझ्याकडं आली नाही. दुधाला दुसरी बाई लागली.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, तो फराळाला बसला, आणि चकली मोडता मोडता म्हणाला, "अगं, तुझ्या त्या शरावतीवर परवा कामानं जाऊन आलो. मी तुला अर्धंच लिहिलं होतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"त्या नावाची बोट होती. पाण्यातले सुरुंग वेचणारी, लहानशी. बेचाळीस साली बंगालच्या उपसागरात बुडाली. तिथं आत भिंतीवर नावं आहेत, गेलेल्यांची. मग ते नाव त्यांनी बराकींना दिलं, आणि वाचलेल्या माणसांना तिथंच आणून ठेवलं. त्या बोटीच्याही आधी, कंपनीच्या काळात, एक शिडाचं शरावती होतं म्हणे. जहाज जातं, नाव जाऊ देत नाहीत ते. तू विचारलं होतंस, आहे काय. होतं काय, असं विचारलं नव्हतंस."

त्याची चकली खाऊन झाली तरी मी तशीच उभी होते.

हे गणपतरावांकडं गेले. गणपतराव वाईट माणूस नाहीत. त्यांना फार वाईट वाटलं. पण नवा शिपाई नेमून झाला होता, त्याला तरी कसा काढायचा? मी नेसरीला पत्र लिहिलं. महिन्यानं दुसरं लिहिलं. माफी मागितली, परत या म्हटलं, आम्ही दुसरीकडं खटपट करू म्हटलं. उत्तर आलं नाही.

माघात तानाबाई आली. तिचा भाऊ कसबा बावड्याला साखर कारखान्यात आहे, त्याच्याकडं आली होती. मागच्या दाराशी बसली. मी बाळंतीण, मांडीवर दीड महिन्याचं पोर. तिनं आधी त्याचा पाय हातात घेऊन बघितला. म्हणाली, "ग्वाड हाय." मग मीच विचारलं.

"माझी पत्रं पोचली का गं?"

"पोचली की. पोस्टमननं वाचून दावली. दोन्ही."

"तानाबाई, मला त्या दिवशी सांगायचं होतंस."

"काय सांगू? त्येंनी मलाच लग्नानंतर धा वर्सांनी सांगितलं. तेबी तापात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "किस्नात म्हणून हुता, आमच्याच गावचा. दोघं जोडीनं भरती झालती. किस्नाताला पवायला येत न्हवतं. भरतीला कोन इचारतंय? छाती मोजली, घेतलं. बोट बुडाली तवा ह्येंनी त्येला धरला. किती येळ धरला ते ह्येंस्नी बी ठावं न्हाई. मग हात सुटला. सुटला का सोडला, त्येच अजून इचारत बसत्यात सवताला."

मांडीवरचं पोर रडायला लागलं. मी त्याला थोपटत राहिले.

"पोरांस्नी पवायला शिकवतो म्हणून आपणहून फुडं झाले, ते काय उगंच न्हाई. आनि त्यो तुमचा हेडमास्तर इचारतोय, पवतोस कशावरनं. काय सांगायचं त्येला? किस्नात मेला आनि मी ऱ्हायलो, ह्याच्यावरनं?"

मी रडले. तानाबाई रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमची पत्रं ऐकली त्येंनी. पयलं ऐकून झालं, मग मला म्हणाले, लीलाताई शिकली का पवायला, ते काय लिवलं न्हाई वैनींनी."

"नाही शिकली," मी म्हटलं.

"व्हय. मी बी तसंच म्हणालो, कोन शिकवनार म्हणून."

ती उठली. मी थांब म्हटलं, चहा टाकते म्हटलं. "न्हाई, जातो मी. बावड्याची गाडी गावंल." पायरीवर वळून म्हणाली, "आता लिवू नगा, वैनी. लिवल्यालं ऐकलं की ते मळ्याकडं जात्यात आनि हिरीच्या काठावर बसत्यात. आत उतरत न्हाईत. नुसतं बघत बसत्यात. दिवस मावळला तरी हलत न्हाईत. मी हाका मारून दमतो."

"विहिरीला कठडा आहे का गं?"

"मळ्यातल्या हिरीला कसला आलाय कठडा?"

याला आता तीन महिने झाले. तान्हं पोर घेऊन नेसरीपर्यंत जाणं होत नाही. हे कारण खरं आहे, आणि पुरेसं नाही हेही मला कळतं. मी पाटावर बसते, पोराला पाजते, आणि न पाहिलेल्या एका विहिरीचा काठ माझ्या डोळ्यांसमोर असतो. पत्र लिहायची मला बंदी आहे. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्यापैकी कोणाचं त्या बाजूला जाणं झालं, गडहिंग्लजला पाहुण्यांकडं म्हणा, आजऱ्याला भात घ्यायला म्हणा, तर थोडी वाट वाकडी करा. नेसरीला उतरून आरमारातल्या आकारामचं घर विचारा, कोणीही दाखवेल. माझं नाव घेऊ नका. ऊन लागलं म्हणून पाणी मागा. आकाराम घरी असेल तर तो स्वतः तांब्या आणून देईल, उंच आहे, डाव्या भुवईवर वण आहे. घरी नसेल तर मळ्याकडं जा. ऊन उतरायच्या आत जा. तो काठावर बसलेला असेल तर लांबून हाक मारू नका, दचकेल. जवळ जाऊन बसा. तुमच्याबरोबर लहान मूल असलं आणि त्याला पोहता येत नसलं, तर तेवढं त्याला सांगा.