उजवा हात आपला

रुसणं हा बायकांचा मक्ता आहे असं जो म्हणतो, त्याला मी आमच्या सासऱ्यांजवळ आठ दिवस राहायला पाठवीन. नवव्या दिवशी कानाला खडा लावून परत येईल.

सासरे फुटबॉल क्लबच्या मोठ्या फाटकावर होते. उभी हयात तिथंच गेली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, त्याच क्लबची बस चालवतो. लोक खेळाडूंना टीव्हीवर बघतात, आमच्याकडे त्यांच्या मोज्यांचा वाससुद्धा ओळखीचा. मी घरी शिवणकाम करते, पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही. पण ज्या घरात जेवतो त्या घराचं सुखदुःख कशात आहे, एवढं कळतं.

त्या बापलेकांची एक रीत होती. बाहेरगावची मॅच खेळून बस परत आली की गल्लीच्या तोंडाशी नवरा हॉर्न द्यायचा, दोन आखूड, एक लांब. सासरे फाटकाशी येऊन उभे राहायचे, पण उघडायचे नाहीत. आधी हनुवटी वर करायचे, म्हणजे 'किती?' मग नवरा काचेआडून दोन्ही हात वर करून बोटं दाखवायचा. उजवा हात आपला, डावा त्यांचा. एवढं झाल्यावर फाटक उघडायचं आणि बस आत जाऊन वळायची. कारण गल्ली ही एवढीशी, तिथं सायकल वळवायची तरी भिंतीला विचारावं लागतं.

"बाबा, रेडिओवर ऐकलेलं असतं ना तुम्ही सगळं?" मी एकदा म्हटलं होतं.

"रेडिओवाल्याला काय कळतंय? तो गेला होता का बसमधून?" म्हणाले.

निवृत्त झाले तरी हे सुटलं नाही. हॉर्न आला की नवा फाटकवाला मुकाट्यानं यांच्या हातात किल्ली द्यायचा आणि चहाला निघून जायचा. शहाणा होता बिचारा.

आणि मग क्लबच्या मालकानं संघ उचलला. दूरच्या एका मोठ्या शहरानं नवंकोरं मैदान बांधून देऊ म्हटलं, आणि हा लगेच तयार. टीव्हीवर कोट घालून आला आणि म्हणाला, "संघ कुठंही गेला तरी तो तुमच्या हृदयातच राहील."

"मग हृदयातच राहू दे की मेल्या," सासरे टीव्हीवर ओरडले, "बसमध्ये कशाला घालतोस!"

मी हसले. हसायला नको होतं, कारण बसमध्ये घालून नेणार कोण, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं ते संध्याकाळी. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मला चल म्हणालेत. राहायला घर देतायत, तिघांना पुरेल एवढं."

सासऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला. "आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"संघ म्हणजे काय दुकान आहे? गल्ला उचलला आणि दुसऱ्या चौकात मांडला? आणि तू हमाल होऊन जाणार त्यांच्याबरोबर?"

"बाबा, मी नाही नेलं तर दुसरा कुणी नेईल. पन्नाशी आली माझी. मला बस सोडून काय येतं? आणि ती पोरं... त्या पोरांना दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ?"

दोघंही बरोबर होते, हाच तर सगळा घोळ. एक जरी चुकला असता तरी मी त्याची खरडपट्टी काढून मोकळी झाले असते.

त्या दिवसापासून सासरे मुलाशी बोलेनासे झाले. एका टेबलावर जेवायचं आणि मला म्हणायचं, "सूनबाई, त्या ड्रायव्हरला सांग, त्याचा चष्मा बाथरूममध्ये राहिलाय." ड्रायव्हर समोर बसून वाटाणे चिवडतोय! मी म्हणायचे, "ड्रायव्हर, तुमचा चष्मा बाथरूममध्ये आहे." तो म्हणायचा, "त्यांना सांग, मिळाला." आजारी माणसापेक्षा रुसलेल्या माणसाची उस्तवार जास्त, हे मी तेव्हा शिकले.

संघ निघाला त्या दिवशी अख्खी गल्ली फाटकाशी लोटली होती. बायका रडत होत्या, पुरुष रडत नाही असं दाखवत होते. सासरे गेले नाहीत. घरी मटार सोलत बसले. मी निरोप देऊन परत आले तर शेंगांची सालं सगळी पातेल्यात आणि दाणे कचऱ्याच्या टोपलीत. टोपलीतले दाणे वेचून धुऊन घेतले.

मी त्यांच्याजवळ राहिले. नवरा तिकडे त्या तिघांना पुरेल एवढ्या घरात एकटा, आणि इकडे मी आणि हे. सासरे येणार नाहीत म्हणजे नाहीत, आणि त्यांना एकटं टाकून मी जाणार कशी? नवरा प्रवास करून पोचला की मला फोन करायचा. फोन वाजला की सासरे टीव्हीचा आवाज कमी करायचे. ऐकायचं नाही म्हणायचं आणि आवाज कमी करायचा! मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, "हो का, पाठ दुखतेय का? मलम लावा." मग रात्री जेवताना हे हळूच विचारणार, "मलम संपलं असेल त्याच्याकडचं?"

"तुम्हीच विचारा की," मी म्हणायचे. की पुन्हा तोंडाला कुलूप.

थंडीत त्यांच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलात नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं. खाटेवर पडल्या पडल्या माझा हात धरून मला काय सांगावं? "त्याला कळवू नकोस. गाडी चालवताना डोक्यात राहील." मी बाहेर बाकावर येऊन रडले आणि रडता रडता दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या. उद्या या माणसाचं काही बरंवाईट झालं, आणि ते असेच अबोला धरून गेले, तर माझा नवरा जन्मभर कुणाशी भांडणार? मला त्या एकाच गोष्टीची भीती होती. संघ गेला खड्ड्यात, पण ही दोन माणसं एकदा बोलली पाहिजेत.

इकडे फाटकाला नव्या साखळदंडाचं कुलूप लागलं होतं. जागा विकायला काढली होती म्हणे. सुरुवातीला मॅचच्या दिवशी तिथं मोर्चा असायचा, 'आमचा संघ परत द्या' म्हणून फलक, घोषणा, एक ढोलवालासुद्धा. हळूहळू लोकांना आपापली कामं आठवली. उरले दोघं, सासरे आणि गल्लीतला बेकरीवाला. प्रत्येक मॅचला घडीच्या खुर्च्या घेऊन बंद फाटकासमोर जाऊन बसायचे. फलक बेकरीवाल्याच्या मांडीवर. थर्मासमधून चहा देणारी मी, म्हणजे आंदोलनाला एकूण माणसं तीन.

सासऱ्यांनी संघाचं नाव ऐकणार नाही अशी शपथ घेतलेली. म्हणून बेकरीवाला कानात वायर घालून एकटाच मॅच ऐकायचा, आणि सासरे मॅच संपेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्याची भुवई वर गेली की हे खुर्चीत सरसावणार. त्यानं कपाळाला हात लावला की हे "हं" करणार. शपथ मोडली असं मात्र कुणाच्या बापाची म्हणायची टाप नव्हती.

त्या रविवारी संघाची मॅच बाहेरगावी होती, दुपारी लवकर. बेकरीवाल्यानं इतक्या वेळा कपाळाला हात लावला की मला वाटलं त्याचं डोकं दुखतंय. शेवटी त्यानं कानातली वायर काढली, गुंडाळली आणि खिशात टाकली. तरी दोघं उठेनात. घरी जाऊन तरी काय करायचं असतं म्हाताऱ्यांना! ऊन कलेपर्यंत तिथंच बसले, मीही हातशिलाई घेऊन बसले.

आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब.

माझ्या बोटात सुई घुसली. बेकरीवाल्याच्या मांडीवरचा फलक खाली पडला. सासरे मात्र हॉर्न संपायच्या आत उभे होते. हात सवयीनं खिशात गेला, किल्लीसाठी, आणि तसाच रिकामा बाहेर आला.

बस वळून गल्लीत शिरली. तीच आमची बस, नव्या शहराचं नाव रंगवलेली, आणि काचेआड माझा नवरा, पांढराफटक. फाटकासमोर येऊन ब्रेक दाबला, पण हात काही स्टिअरिंगवरून निघेनात.

नंतर त्यानं मला सगळं सांगितलं. हमरस्त्यावर दोन रस्ते फुटतात, एक नव्या शहराला, एक आमच्याकडे. मॅच हरलेली, मागं सगळे झोपलेले, डोक्यात विचार भलतेच, आणि हात आपले नेहमीच्या वळणाला वळले. वर्षानुवर्षं वळलेले हात ते. गल्लीच्या तोंडाशी हॉर्नही त्यांनीच दिला, आणि तो कानावर पडला तेव्हा कुठं याला कळलं की आपण कुठं आलोय! कोच पुढच्याच सीटवर होते, टक्क जागे. "साहेब, तुम्ही तरी बोलायचं," हा म्हणाला. कोच म्हणाले, "मला वाटलं, तुला माहितीये."

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा गल्लीत नुसतं इंजिन घुरघुरत होतं. बसच्या खिडक्यांतून एकेक झोपाळू तोंड बाहेर येत होतं, आणि फाटकाकडे बघत राहत होतं. उंच गोलकीपर तर लहान पोरासारखा काचेला नाक लावून बसला होता.

सासरे बससमोर उभे. मी मनात म्हटलं, आता हे थुंकतील तरी किंवा पाठ फिरवतील तरी.

त्यांनी हनुवटी वर केली.

नवऱ्यानं स्टिअरिंगवरचे हात उचलले. उजव्या हाताची मूठ. डाव्या हाताची तीन बोटं.

सासऱ्यांनी मूठ बघितली, बोटं बघितली. मग मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, हरायला एवढ्या लांब कशाला जायचं? इथं हरत होतात ते काय वाईट होतं?"

बसमध्ये कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. बेकरीवाला हसता हसता डोळे पुसायला लागला. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, हसत होता की रडत होता मला दिसलं नाही, आणि खरं सांगते, मला स्वतःलाही माझं कळत नव्हतं.

पोरं खाली उतरली. कुणी फाटकाच्या गजांना हात लावला, कुणी सासऱ्यांच्या खांद्याला. बेकरीवाला पळत जाऊन दुकानातला उरलेला सगळा पाव घेऊन आला. मग कोचनी घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांच्याच लक्षात आलं की आता परत जायचंय. आणि जायचं कसं? फाटक बंद, बस आत घेऊन वळवता येत नाही. अख्खी गल्ली उलटी जायला हवी. मागं उभं राहून कुणीतरी सांगितल्याशिवाय त्या गल्लीत भलाभला ड्रायव्हर भिंत घासेल.

कोच म्हणाले, "मी बघतो मागं."

"तुम्ही बसा," सासरे म्हणाले. "तुम्हाला त्या कोपऱ्यावरचा खांब माहीत नाही."

आणि गेले मागं. ज्या माणसानं संघ निघाला त्या दिवशी घराचा उंबरा ओलांडला नाही, तो बसच्या मागं उभा राहून हात हलवत होता. "येऊ दे... येऊ दे... उजवीकडे काप... अरे खांब, खांब! हां, येऊ दे." प्रत्येक हाकेसरशी बस फाटकापासून एकेक पाऊल लांब जात होती. त्यांचा आवाज शेवटी शेवटी चिरकायला लागला, तरी थांबले नाहीत. मी खुर्च्या तिथंच टाकून मागोमाग चालत गेले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, म्हणजे रस्ता मोकळा, जा. मग वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीखाली आले. नवऱ्यानं काच खाली केली.

"बाबा," तो म्हणाला.

"पाठीला मलम लावत जा," सासरे म्हणाले. "आणि पोचलास की फोन कर. हिला नको. मला."

बस गेली. परत येताना त्यांनी दोन्ही खुर्च्या स्वतः उचलल्या, फलक मात्र तिथंच राहिला.

त्या रात्री फोन वाजला तेव्हा टीव्ही आधीपासूनच बंद होता. फोन सासऱ्यांच्या हाताशी होता. मी मशीनवर बसले होते, उठले नाही.