बकरीची एसटी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. हो, तोच निळ्या पत्र्याचा, चार माणसांना एकमेकांशी बोलू न देणारा! चिखलीच्या गोविंदा मिस्त्रीनं मला ठोकून-वाकवून उभं केलं, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या लावल्या आणि पोटात मोटार बसवली. मी पहिल्यांदा घरघरलो तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबली. आवाजाचा मला भारी तोरा, बरं का!

एसटीवर ड्रायव्हर असलेल्या धम्मरत्नांनी मला हौसेनं घरी नेलं. उन्हाळाभर सगळे माझ्यापुढे पाय पसरून "वा, काय हवा आहे!" म्हणायचे. पाऊस पडला रे पडला की मला मागच्या पडवीत ढकलायचे, डोक्यावर कांद्याची पोती! राग नाही येणार?

यंदा मार्च संपता संपता माझी मोटारच जळली. ती पंख्यासकट दुरुस्तीला गेली, गवत सडलं म्हणून जाळ्याही काढल्या. मी नुसता रिकामा खोका उरलो. आता भंगारात जाणार म्हणून मी पार खचलो होतो. तेवढ्यात माझ्या पोटात कुणीतरी डोकं खुपसलं आणि ओरडलं,

"आई! याच्यात तर नाटक होते!"

ती समता, धम्मरत्नांची लेक, तिसरीतली. मग काय विचारता! पंख्याच्या गोल भोकाला आईच्या जुन्या ओढणीचा पडदा लागला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांना हातपाय फुटले. माझ्याच सडक्या गवताची एका बकरीला दाढी लागली! आणि नाटक कसलं? ड्रायव्हर झाडाखाली डबा खात बसलेला असतो, तेवढ्यात बकरी एसटी पळवते आणि थेट चंद्रावर नेते. कंडक्टर कोण, तर कावळा! मी आनंदानं नुसता थरथरत होतो, मोटार नसतानाही! रविवारी गल्लीतली सगळी पोरं बघायला येणार होती.

शुक्रवारी धम्मरत्नांनी हे पाहिलं. खूश झाले हो, फार खूश झाले! आणि तिथंच घोटाळा झाला.

"पण समते, ड्रायव्हर गाडी अशी सोडून जाते का? अन् बकरी कशी काय चालवीन? थांब, मी सांगतो."

त्यांनी बाजारातून चकचकीत बाहुल्या आणल्या. माझ्या भोकाला पुठ्ठ्याची सरळ चौकट ठोकली. कावळा गेला, चंद्र गेला. नाटकात आता प्रवासी रांगेत चढायचे आणि स्वच्छतेवर बोलायचे. समतानं दोनदा पाठ केलेलं म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. शनिवारी दिवसभर बकरी माझ्या तळाशी उताणी पडून होती आणि मी तडफडत होतो. अरे, एवढा मोठा आवाज माझा, पण ऐन वेळी मोटार नाही!

संध्याकाळी समताच्या आईनं, सारिकाताईंनी, भाकरी थापता थापता विषय काढला.

"पोरगी काऊन खेळत नाही, माहीत आहे का तुमाले?"

"मी तर तिले मदतच करून राह्यलो."

"मदत करता करता सगळं नाटक तुमचंच झालं. तिच्यासाठी काय ठेवलं तुम्ही?"

धम्मरत्न तसेच उठले. मग पडवीत आले, पुठ्ठ्याची चौकट काढली, बकरी उचलून समतापुढे धरली.

"चुकलंच माझं. तुह्या नाटकात मले काही काम आहे का?"

समतानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "झाड व्हा. पण बाबा, झाड बोलत नाही."

"हाव."

रविवारी पडवी गच्च भरली! धम्मरत्न दोन्ही हातांत लिंबाच्या फांद्या घेऊन माझ्या शेजारी उभे. उकाडा असा, की त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. बकरीनं गाडी सुरू केली, एसटी आभाळात चढली आणि कट्! बकरीचं मुंडकंच तुटून खाली पडलं.

पोरं माना उंचावून बघू लागली. समताचा हात पडद्यामागे थांबला. झाडाचे ओठ उघडले, एक फांदी पुढे आली. मी मनात ओरडलो, "नका, धम्मरत्न, नका!" आणि मित्रांनो, फांदी मागे गेली. झाड गप्प राहिलं.

क्षणभरानं कावळा वर आला. "ओ बकरीबाई! तुमचं डोकं बिगरतिकीट बसलं! त्याचं अर्धं तिकीट काढा!"

पडवीत असा हशा उसळला, की माझा पत्रा दणाणला! पोरं लोळली. झाडाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना माझा एवढा निरोप सांगा. आम्हा जुन्या वस्तूंना लगेच भंगारात काढू नका, आधी घरातल्या लेकरांना विचारा. आणि ती काही मांडून बसली, की तुमचं शहाणपण घडीभर बाजूला ठेवा.

काल माझी मोटार दुरुस्त होऊन आली. ऊन असं, की अंगणात पाय ठेववत नाही. धम्मरत्न पान्हा घेऊन माझ्यापुढे बसले आणि आधी आत हाक मारली, "समते, लावू का आता?"

"दोन दिवस थांबा नं बाबा. पोरं अजून चंद्रावरच आहेत."

धम्मरत्नांनी मोटार कोपऱ्यात ठेवली आणि पुठ्ठ्यानं वारा घेत बसले.