आप्पांचा श्वास आणि रानडुकरं

दुपारी तीनला वीज गेली आणि आप्पांचं ऑक्सिजनचं मशीन किंचाळून बंद पडलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, सहादू. दिवस-रात्र ते त्याच मशीनवर. मी इन्व्हर्टरकडे धावले, तर खाली बॅटरीच नाही!

माझं डोकंच फिरलं. भात पिकलं की आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात रानडुकरं उतरतात, म्हणून बांधाला बॅटरीवरच्या झटका मशीनची तार लावतात. शेतातली बॅटरी बसली, म्हणून नवऱ्याने, संदीपने, काल घरातली नेली आणि आज तशीच ठेवून बाजाराला गेला. शेत तासाभराच्या चढणीवर. बापाचा श्वास डुकरांच्या राखणीला!

१०८ला फोन केला. घाटात झाड पडलंय, दीड तास लागेल, म्हणाले. आप्पांच्या बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा एकोणऐंशी.

"सायली... दम..." पुढचं त्यांना बोलवेना.

सासूबाई देवापुढे हात जोडून उभ्या. मी अंगणातल्या ट्रॅक्टरकडे बघत होते. माहेरी माझा भाऊ ट्रॅक्टरच्या बॅटरीला इन्व्हर्टर लावून जागरण-गोंधळाचा माईक चालवायचा. माईक चालतो, तर हे का नाही?

"आत्याबाई, देव ऱ्हाऊ द्या, हा इन्व्हर्टर धरा!"

"आगं, भडका उडंल!"

"उडू द्या. आधी धरा!"

इन्व्हर्टर ट्रॅक्टरवर चढवला. लाल वायर लालला, काळी काळीला. इंजिन चालू केलं, नाहीतर तीही बॅटरी बसली असती. खिडकीतून लांब वायर आत टाकली. मशीनने लांब शिट्टी दिली, थरथरलं आणि घुरघुरायला लागलं. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

त्र्याऐंशी. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव!

तेवढ्यात संदीपचा फोन आला. वीज गेल्याचं कळून घाबराघुबरा झालेला. आप्पांनी फोनसाठी हात पुढे केला.

"बाप मरतोय, अन् तू डुकरं राखतोस व्हय रं? तुज्या बायकूनं जीव वाचिवला माजा! लई शाना समजतोस सोताला? ये घरी, मंग दावतो तुला!"

मध्ये फक्त एकदा थांबले. गेल्या तीन महिन्यांत दोन शब्दांपुढे त्यांचा दम पुरला नव्हता. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मला मात्र रडू आवरेना.

"थांबू नका, आप्पा," मी म्हटलं. "आजून शिव्या द्या त्यांना."