सावळीची नखं

रिक्षा शहापूरच्या वळणाला लागली आणि रंजिताचा हात सहज सावळीच्या पंजावर गेला. नखं पुन्हा वाढली होती.

सावळी ही मूळची हिमाचलातली. भातसानगरच्या एका साहेबांनी आणलेली. साहेबांची बदली झाली आणि कुत्री रंजिताच्या दारात राहिली. गेल्या पावसाळ्यात बाळाच्या पाळण्याखाली घोणस शिरली, तेव्हा सगळं घर झोपलेलं, जागी होती ती सावळीच; तिनंच भुंकून सगळ्यांना उठवलं. पुढं तिचे केस झडले, अंगावर चट्टे उठले, नखं वाकडी होऊन वाढली. गावात शहाण्यांना काय तोटा! लूत म्हणून सगळ्यांनी तिला करंजाचं तेल चोपडलं. शेवटी शहापूरच्या डॉक्टर शीतल यांनी गळ्याखालच्या गाठीत सुई घातली, तेव्हा खरा रोग कळला, काळा आजार.

"वाळूमाशी हिला चावून नंतर बाळाला चावली तर बाळालाही धोका," डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. "गोळीनं जंतू आटोक्यात राहिले तर कुत्री घरात राहील. नाही राहिले, तर मला तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल."

आज तीच तपासणी होती. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बाकावर रंजिताची सासू, रंगूबाई, पदराचं टोक चावत बसली होती.

"जंतू आहेत. पहिल्याइतकेच," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी चुकली का?"

"नाय हो! रोज सासूबाई भाकरीत घालून देतात. एक दिवस खाडा नाय." रंजितानं छातीठोकपणे सांगितलं.

"मग औषध लागू पडत नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "घरात लहान मूल आहे. मनाची तयारी करा."

त्यांनी कपाट उघडलं. रंजिताला रडूही फुटेना. सावळी आपली शेपूट हलवत डॉक्टरांच्याच तोंडाकडे बघत होती.

"थांबा, डाक्तरीणबाय!" रंगूबाई उठली. "गोळी मीच बंद केली."

"काय?" रंजिता ओरडली.

"केस आले, चट्टे गेले, तवा वाघोबाचा नवस फेडला. मुरबाडच्या बाजारातना कोंबडा आणून दिला. देवानं बरं केलं, मंग वर गोळी देयाची म्हंजे देवाला खोटं पाडायचं. सगल्या गोळ्या त्याच्याच पुढं ठेवल्या."

रंजिताचा संताप मस्तकात गेला. म्हातारीला काय बोलू नि काय नको असं तिला झालं. पण कपाटाचं दार बंद झालेलं तिनं ऐकलं आणि ती सावळीशेजारी जमिनीवरच बसली.

"म्हणजे औषध हरलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नव्या गोळ्या देते. आजपासून सुरू करा. आणि परत गाठ तपासल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, केस कितीही चांगले दिसू देत."

रंजितानं सावळीच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिला रडू कोसळलं.

रंगूबाईनं गोळ्या पदराच्या गाठीत घट्ट बांधल्या. "जाताना रिक्षा वाघोबाशी थांबव गो."

"आता कशाला?"

"कोंबडा अख्खा घेतलास नि काम अर्धंच केलंस, इतकं तरी त्याला सांगाया नको?"