तव्याची काजळी

भागिरथेनं तव्याची काजळी बोटानं खरवडली, तेलाच्या थेंबात कालवली आणि नवऱ्याच्या पांढऱ्या मिशीवर फिरवली.

"हालू नका जी."

"गुदगुल्या होऊन राह्यल्या."

"लगनात नाही झाल्या, आता होऊन राह्यल्या!"

ग्यानबा हसला. एरवी भरती म्हटलं की गावाला फौज आठवे, छाती फुगवून उभी राहिलेली पोरं आठवत. त्र्याहत्तरच्या त्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र भरती एकच होती, दूरच्या तलावाच्या कामाची. निवडलेली माणसं ट्रकनं जात आणि पाऊस पडेपर्यंत तिथंच पालात राहत. तिथं पोटाला सुकडी मिळे. म्हाताऱ्यांना मुकादम परत पाठवी.

"अन् तुह्या केसाले?"

"मी पदर घेईन. काजळी कुठं पुरते दोघाले?"

कोपऱ्यातलं जातं गोणपाटाखाली झाकलेलं होतं. ओवी सुचायला आधी दळण लागतं. पण मिशीला पीळ देताना आज ती काहीतरी गुणगुणली.

मेडशीच्या फाट्यावर रांग होती. ऊन चढलं तसा ग्यानबाच्या ओठावरून एक काळा ओघळ हनुवटीवर उतरला. मुकादम मदनसिंगनं तो पाहिला.

"उमर किती, बुढ्या?"

"पन्नास असन."

"मिशीची का तुही?"

रांग खदखदली. मदनसिंग हसला नाही.

"तो धोंडा उचल."

ग्यानबानं धोंडा छातीशी धरला. पाय लटपटले, पण त्यानं तो सोडला नाही.

"चढ गाडीत."

भागिरथा पुढं झाली.

"पदर मागं घे, माय."

तिनं तो लगेच घेतला, जणू वाटच पाहत होती. डोकं फुटलेल्या बोंडासारखं पांढरं.

"तुह्याच्यानं नाही होणार, माय."

"आमी दोघं संगं…" ग्यानबा ट्रकवरून उतरू लागला.

"बसा तिथंच!" भागिरथा ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी येतो पुढच्या भरतीले."

तिनं गाठोडं वर फेकलं.

ट्रक निघाला. फाटा धुळीत दिसेनासा झाल्यावर ग्यानबा दचकला. तिचं लुगडंही गाठोड्यातच गेलं. ती नेसेल काय? त्यानं घाईनं गाठ सोडली. त्याचं धोतर, त्याची बंडी, एकच ताटली, आणि घरात होती नव्हती ती सगळी भाकर.

लुगडं त्यात नव्हतंच.

त्यानं गाठ पुन्हा बांधली.

"बाबा, मिशी पुसा आता," शेजारचा म्हणाला. "झाली ना भरती."

ग्यानबाचा हात ओठापर्यंत गेला आणि तसाच खाली आला.